मुलांकडे इंग्लंडला हिवाळ्यात निघालाय? घर गरम होईना झालं तर काय बघायचं

ठाण्या-नवी मुंबईतून मुलांकडे इंग्लंडला जाणाऱ्या आईबाबांच्या बॅगेत मेतकूट असतं, डिंकाचे लाडू असतात, थर्मल आणि लोकरी मोजेही असतात. पण ज्या घरात दिवसभर बसायचंय ते घर गरम कसं होतं, हे कुणी समजावून सांगत नाही. मुलं सकाळी कामाला जातात, थोड्या वेळाने खोली गरम करणारे भिंतीवरचे रेडिएटर गार पडतात, आणि भिंतीवरचा तो पांढरा चौकोनी डबा काही केल्या ऐकत नाही. मुलगी मीटिंगमध्ये, जावई ट्रेनमध्ये. मग दोन स्वेटर घालून पांघरुणात बसायचं.

मी लेकीकडे अख्खा हिवाळा काढून आले. तेव्हापासून आमच्या नौपाड्याच्या ग्रुपमधून जी कुणी निघते ती तिकिटाआधी हेच विचारते. म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे. बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं, आणि जे बिघडलेलं नसतं ते आपण बटणं दाबून बिघडवतो. त्यामुळे खालचा क्रम पाळा. आधी बघा, मग हात लावा.

हा लेख गॅस बॉयलर, रेडिएटर आणि वायरलेस थर्मोस्टॅट असलेल्या घरांसाठी आहे. इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत गॅस बॉयलर आणि रेडिएटर असतातच. काही फ्लॅटमध्ये मात्र भिंतीला लावलेले जाडजूड, जड विजेचे हीटर असतात. रात्रीच्या स्वस्त विजेवर ते तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. तुमच्याकडे तसं असेल तर यातलं बरंचसं लागू होणार नाही.

१. आधी तीन डबे ओळखा

घरात पोचलात की पहिल्या दोन दिवसांत मुलांना सोबत घेऊन या तीन वस्तू बघून ठेवा.

थर्मोस्टॅट: हॉलमध्ये किंवा जिन्यापाशी भिंतीवर असतो, नाहीतर छोट्या स्टँडवर ठेवलेला असतो. खोलीचं तापमान मोजणं आणि ‘मला अजून ऊब हवी’ असं सांगणं, एवढंच त्याचं काम.

रिसीव्हर: बॉयलरच्या शेजारी भिंतीवर असतो, एकदोन दिवे आणि एखादं बटण असलेला. थर्मोस्टॅटचा निरोप हा घेतो आणि बॉयलरला चालू-बंद करतो. काही घरांत तो बॉयलरच्या आतच बसवलेला असतो.

बॉयलर: बहुधा स्वयंपाकघरातल्या कपाटात लपलेला असतो. गॅस जाळून पाणी तापवतो आणि पंपाने ते सगळ्या रेडिएटरमधून फिरवतो. आपल्याकडे महानगर गॅसचा पाइप शेगडीपर्यंत येतो, तसाच तिथे तो बॉयलरपर्यंत जातो.

आपल्या एसीच्या सवयीमुळे दोन घोटाळे हमखास होतात. एसीचा रिमोट एसीकडे रोखावा लागतो. हा थर्मोस्टॅट रेडिओ लहरींवर बोलतो आणि त्याचा निरोप भिंतीपलीकडे जातो. तो हातात घेऊन बॉयलरसमोर उभं राहायची काही गरज नाही. दुसरं म्हणजे एसीसारखा ‘टीं’ आवाज येत नाही. तापमान वाढवल्यावर बॉयलर पेटायला एखाद-दोन मिनिटं लागू शकतात. नुकताच बंद झालेला असेल तर तो मुद्दाम थोडा थांबूनच पेटतो. त्यानंतर रेडिएटर हाताला गरम लागायला आणखी दहा-पंधरा मिनिटं जातात. त्या वेळात पुन्हा पुन्हा बटणं दाबणं हे सगळ्या घोटाळ्यांचं मूळ.

२. ठाण्यातून निघण्यापूर्वी मुलांकडून मागवून घ्या

- थर्मोस्टॅट, रिसीव्हर आणि बॉयलर यांचे समोरून फोटो, आणि मॉडेलचं नाव
- त्या मॉडेलचं माहितीपुस्तक मोबाइलमध्ये उतरवून
- घर भाड्याचं असेल तर घरमालकाचा किंवा एजंटचा नंबर. स्वतःचं असेल तर बॉयलरचा दुरुस्ती करार कुणाकडे आहे ते
- वायफायचा पासवर्ड. थर्मोस्टॅट अ‍ॅपवर चालत असेल तर ते अ‍ॅप तुमच्या फोनमध्येही
- वीज आणि गॅसचं मीटर प्रीपेड आहे का, याचं उत्तर. असेल तर पैसे कसे भरायचे तेही

सामानात एक छोटा टॉर्च आणि वाचायच्या चष्म्याची जादा जोडी टाका. थर्मोस्टॅटवरची अक्षरं मुंगीएवढी असतात. सेल मात्र इथून नेऊ नका, कोणते घ्यायचे ते पाचव्या पायरीत आहे.

३. खरंच बंद पडलंय का, ते आधी ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळेजण हीच गाळतात.

*वेळापत्रक.* मुलं दिवसा घरात नसतात. म्हणून त्यांनी हीटिंग सकाळी दोन तास आणि संध्याकाळी पाचनंतर असं लावलेलं असतं. तुम्ही यायच्या आधी त्यात काहीच चूक नव्हती. सकाळी दहाला रेडिएटर गार पडले तर यंत्र सांगितलेलंच काम करतंय. दिवसभराचं वेळापत्रक बदलून घ्या. ते होईपर्यंत ‘बूस्ट’ किंवा ‘एक तास जादा’ असं बटण शोधून ठेवा, बहुतेक थर्मोस्टॅटना ते असतं. आपण घरात आहोत हे मुलं विसरलेली नसतात, थर्मोस्टॅटला सांगायचं राहिलेलं असतं.

*घरात कुणी नाही असं समजणारे थर्मोस्टॅट.* हा सापळा नवा आहे. काही अ‍ॅपवाले थर्मोस्टॅट घरच्यांचे मोबाइल कुठे आहेत त्यावर लक्ष ठेवतात. जोडलेले सगळे फोन घराबाहेर गेले की घर रिकामं धरून हीटिंग खाली आणतात. तुमचा फोन त्या यादीत नसेल तर यंत्राच्या लेखी तुम्ही घरात नाहीच. मुलगी आणि जावई बाहेर पडल्यावरच घर गार होतंय असं दिसलं तर संशय इथेच घ्या. तुमचा फोन अ‍ॅपमध्ये जोडून घ्या, नाहीतर तुम्ही आहात तोवर ती सोय बंद करायला सांगा.

*घड्याळ.* तिथली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे होतात. म्हणूनच हिवाळ्यात भारत साडेपाच तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात साडेचार. नवे थर्मोस्टॅट वेळ आपोआप बदलतात, जुने नाही. सेल बदलल्यावरही काहींचं घड्याळ चुकतं. रात्री अडीचला घर भट्टी आणि सकाळी गार, असं झालं तर आधी स्क्रीनवरची वेळ बघा.

*दोन आकडे.* स्क्रीनवर एक आकडा असतो खोलीच्या आताच्या तापमानाचा आणि दुसरा आपण मागितलेल्या तापमानाचा. मागितलेला मोठा असेल तरच बॉयलर पेटणार. पेटण्याची मागणी गेलेली असेल तर बहुतेक स्क्रीनवर छोट्या ज्योतीचं चित्र येतं किंवा रंग बदलतो. खोली १९ आणि मागणी १८ असेल तर तुम्हाला थंडी वाजतेय, यंत्राला नाही. मागणी दोन अंशांनी वाढवा, अर्धा तास थांबा.

तिसावर नेऊन घर लवकर तापत नाही. एसी सोळावर लावला म्हणून खोली लवकर गार होत नाही, तसंच हे. बॉयलर त्याच्याच वेगाने तापवतो, फक्त नंतर थांबायचं विसरतो आणि गॅसचं बिल मुलांना येतं.

बाळंतपणासाठी जाणाऱ्या आज्यांनो, इथे एक वेगळं बोलते. बाळाच्या खोलीचं तापमान १६ ते २० अंश ठेवा असं तिथली सरकारी आरोग्यसेवा सांगते. आपल्याला ते ऐकूनच कापरं भरतं. पण बाळ फार तापलं तर झोपेत दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून हा आकडा आहे, आणि तिथली नर्स घरी येऊन खोलीतलं थर्मामीटर बघतेसुद्धा. या एका बाबतीत लेकीशी वाद घालू नका. ज्येष्ठांसाठी मात्र खोली १८ च्या खाली जाऊ देऊ नये असं सांगतात. तेव्हा बाळाच्या खोलीतला रेडिएटर कमी ठेवा आणि तुमच्या खोलीतला वाढवा. ते कसं, ते आठव्या पायरीत आहे.

४. आपली बटणं बंद करायची सवय आवरा

झोपण्यापूर्वी घरभर फिरून सगळी बटणं बंद करायची, ही आपली शिस्त. इंग्लंडमध्ये तिचाच त्रास होतो.

बॉयलरजवळ भिंतीवर एक बटण असतं, बहुधा छोटा लाल दिवा असलेलं. गीझरचं असेल असं समजून आपण ते बंद करतो. ते बंद झालं की बॉयलर आणि रिसीव्हर दोन्ही मुकाट होतात. थर्मोस्टॅट स्वतःच्या सेलवर चालू राहतो, स्क्रीन दिसत राहते, त्यामुळे बिघाड कुठे आहे ते कळतच नाही. दुसरं बटण राउटरचं. ते बंद केलं की मुलांना ऑफिसमधून अ‍ॅपवर काही करता येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे काही थर्मोस्टॅटना सेल नसतात, ते यूएसबीच्या वायरवर चालतात. ती वायर काढून मोबाइल चार्जिंगला लावणारे बाबा एकाहून अधिक घरांत सापडले आहेत.

उपाय सोपा आहे. या तीन जागी मराठीत ‘हात लावू नका’ अशी चिठ्ठी चिकटवा. मुलांना हसू येईल, येऊ दे.

५. सेल बदला, पण योग्य ते

वायरलेस थर्मोस्टॅटमध्ये सगळ्यात जास्त वेळा संपतात ते सेल. काही मॉडेल आधी बॅटरीचं चित्र दाखवून इशारा देतात, काही एके दिवशी गपचूप बंद होतात. स्क्रीन फिकट झाली असेल किंवा बटण दाबल्यावर दिवा मिणमिणत असेल, तर पुढचा विचार करण्यापूर्वी सेल बदला.

अल्कलाइन सेल घ्या. घड्याळात घालतो ते स्वस्त साधे सेल यात फार टिकत नाहीत. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात आणि अल्कलाइन १.५ चे, त्यामुळे बऱ्याच थर्मोस्टॅटना रिचार्जेबल भरलेले असूनही उतरलेले वाटतात. सगळे सेल एकदमच बदला, एक जुना एक नवा असं करू नका. अधिक-उणे बघायला टॉर्च आणि चष्मा लागेलच. बदलल्यावर घड्याळ आणि वेळापत्रक जागेवर आहे ना ते तपासा.

६. थर्मोस्टॅट कुठे ठेवलाय?

स्टँडवरचा थर्मोस्टॅट जिथे ठेवाल तिथलंच तापमान मोजतो आणि सगळ्या घराचा निर्णय त्यावरून घेतो. आपण गेल्यावर घरात देवघर मांडलं जातं, आणि सपाट, मोकळी, हॉलमधली जागा म्हणजे नेमकी थर्मोस्टॅटशेजारची. निरांजन आणि समईची धग लागली की त्याला घर तापल्यासारखं वाटतं आणि बॉयलर बंद होतो. टीव्हीच्या मागे, शेगडीजवळ, रेडिएटरच्या वर आणि उन्हाच्या खिडकीत ठेवला तरी हेच. उलट, फोडणीचा धूर जावा म्हणून खिडकी उघडी टाकलीत आणि थर्मोस्टॅट त्या झोतात असेल तर बॉयलर थांबायचं नाव घेणार नाही.

रेडिओचा निरोप पोचण्यातही जागेचा वाटा असतो. फ्रिजच्या मागे, मोठ्या आरशामागे किंवा स्टीलच्या कपाटाच्या आड ठेवला तर संपर्क तुटू शकतो. काल चालत होता आणि आज नाही, असं झालं तर काल तो कुठे होता ते आठवा. तो आपल्या खोलीत न्यायचा मोह होतो, कारण आपल्या खोलीत थंडी असते. तसं केलंत तर खोलीचं दार बंद झाल्यावर बाकीच्या घराचं काय होतंय ते त्याला कळणार नाही.

७. बिघाड कुठे आहे ते शोधा

इथवर सगळं ठीक असेल आणि घर तरीही गार असेल, तर दोन तपासण्या करा.

पहिली: स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ सोडा. टाकी नसलेले, थेट पाणी तापवणारे बॉयलर आता सगळीकडे आहेत. तिथे नळाला गरम पाणी आलं तर वीज, गॅस आणि बॉयलर जिवंत आहेत. मग दोष बहुतेक थर्मोस्टॅट-रिसीव्हरच्या बाजूला असतो. पाणीही गार असेल तर बॉयलरकडे बघा. प्रीपेड मीटरमध्ये पैसे उरलेत का, तेही आत्ताच बघा.

दुसरी: रिसीव्हरवर हाताने चालू करायचं बटण असेल तर ते दाबा. बॉयलर पेटला तर रिसीव्हर ठीक आहे, थर्मोस्टॅटचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही एवढंच. मुलं येईपर्यंत तुम्ही याच बटणावर घर गरम ठेवू शकता. पण असं चालू केलेलं हीटिंग आपोआप थांबत नाही, बंद करायचंही तुम्हीच लक्षात ठेवायचं. रिसीव्हरच्या दिव्यांचे अर्थ प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. हिरवा म्हणजे चांगला असं गृहीत धरू नका, पुस्तकात बघा.

संपर्क तुटला असेल तर दोघांची पुन्हा जोडणी करावी लागते. त्यासाठी रिसीव्हरवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं आणि थर्मोस्टॅटच्या मेनूमधून काही निवडायचं असतं. हे मुलांसोबत करा, एकट्याने नको. याच मेनूत ‘रिसेट’ नावाचा पर्याय असतो. तो दाबलात तर वेळापत्रकापासून सगळं पुसलं जाऊ शकतं, आणि आधी होता तो गोंधळ बरा होता असं वाटायला लागतं.

आता बॉयलर. त्याच्यावर एक काटा किंवा आकडा असतो, पाण्याचा दाब दाखवणारा. गार असताना तो साधारण १ ते १.५ बार असावा. गरम झाल्यावर थोडा चढतो, त्यात घाबरण्यासारखं नाही. एकच्या बराच खाली असेल तर बॉयलर पेटायला नकार देतो. खालच्या बाजूला पाणी भरायची छोटी तोटी असते, ती सावकाश उघडून दाब वाढवता येतो. पण हे मुलांसमोर एकदा शिकून घेतल्याशिवाय करू नका. तोटी उघडी राहिली तर दाब चढत जातो आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर फेकतो. भरल्यावर काही दिवसांत दाब पुन्हा उतरला तर कुठेतरी गळती आहे, तेव्हा माणूस बोलवा.

कडक थंडीची एक वेगळी तऱ्हा आहे. बॉयलरमधलं सांडपाणी एका बारीक प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर जातं. बाहेर शून्याखाली गेलं की ते पाणी गोठतं, बॉयलरमधून गुळगुळ आवाज येतो, स्क्रीनवर कोड येतो आणि सगळं बंद. पाइपावर कोमट पाणी ओतून बर्फ वितळवतात, उकळतं कधीच नाही. पण तुम्ही हे करायला बाहेर जाऊ नका. अंगणात बर्फाचा पातळ थर असतो, तो दिसत नाही, आणि आपल्या वयात खुबा मोडला तर मुक्काम लांबतो.

८. एकच खोली गार असेल तर

मग थर्मोस्टॅटला दोष देऊ नका. रेडिएटरच्या टोकाला गोल नॉब असतो, त्यावर १ ते ५ आकडे आणि एक बर्फाचं चित्र. हे आकडे अंश नव्हेत. ३ म्हणजे अंदाजे २० अंश, आणि बर्फाचं चित्र म्हणजे फक्त पाइप गोठू न देण्यापुरतं. पाहुण्यांची खोली वर्षभर बंद असते, त्यामुळे तिथला नॉब बर्फावरच असण्याची शक्यता जास्त. थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे तिथल्या रेडिएटरचा नॉब मात्र पूर्ण उघडा ठेवा.

रेडिएटर खाली गरम आणि वर गार असेल तर आत हवा अडकली आहे. ती छोट्या किल्लीने काढतात, मुलं काढतील. आणि ओली लुगडी, टॉवेल, बाळाची दुपटी रेडिएटरवर गच्च पसरू नका. ऊब कपड्यांतच राहते आणि भिंतीला बुरशी धरते.

९. इथे थांबायचं

गॅसचा वास आला तर दारं-खिडक्या उघडा, बटणं चालूही करू नका आणि बंदही करू नका, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा. हा गॅसचा आपत्कालीन नंबर आहे, चोवीस तास चालतो. वीज गेली असेल तर १०५. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म वाजला तरी घराबाहेर, आणि कुणाला चक्कर किंवा डोकेदुखी असेल तर ९९९. या वायूला वास नसतो, त्यामुळे अलार्म उगीच वाजतोय असं समजून त्याचा सेल काढू नका. धूप किंवा ओव्याची धुरी घरात करायची नाही. धुराचा अलार्म खराच वाजतो आणि शेजारी गोळा होतात.

बॉयलरचं झाकण उघडणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या तिथल्या अधिकृत यादीत, नोंदलेलाच हवा. त्याच्याकडे ओळखपत्र असतं, ते मागायला संकोच नको. भाड्याच्या घरात हीटिंगची दुरुस्ती कायद्याने घरमालकाकडे असते, तेव्हा मुलांनी स्वतःच्या खिशातून माणूस बोलवण्याआधी घरमालकाला लेखी कळवावं.

माणूस यायला एक-दोन दिवस लागू शकतात. तोवर सगळेजण एकाच खोलीत या, दार लावून घ्या, गरम पाण्याच्या पिशव्या भरा. विजेचा हीटर लावायचा तर थेट भिंतीच्या सॉकेटवर, एक्स्टेंशनवर नाही, आणि पडद्यापासून लांब. तीच ऊब विजेवर गॅसच्या जवळपास चौपट महाग पडते, म्हणून रात्रभर चालू ठेवू नका. माणसाला फोन करताना चार गोष्टी लिहून समोर ठेवा: बॉयलरचं मॉडेल, स्क्रीनवरचा कोड, दाबाचा आकडा, आणि गरम पाण्याच्या नळाला गरम पाणी येतंय की नाही.